औषधांचा कागद घरी गेल्यावर कसा वाचला जातो? डिस्चार्ज कार्ड, गोळ्या, रिपोर्ट समजावून सांगण्याच्या पद्धती

रानजाई

रुग्णाला घरी सोडताना हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. निदान इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीत, पुढे १-०-१, ओडी, एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडली तरच). कोणीतरी दोन मिनिटांत सगळं भराभर सांगतं, शेवटी "समजलं ना?" विचारतं आणि नातेवाईक "हो" म्हणतात. त्या "हो"वर विसंबून चालत नाही. बिल भरायचं असतं, रिक्षा बाहेर थांबलेली असते, आणि चारचौघांत "नाही समजलं" म्हणायला माणूस संकोचतो.

वॉर्डात, ओपीडीत, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्यांनी आणि घरी आईवडिलांची औषधं सांभाळणाऱ्यांनी नेमकं काय केलं की ही माहिती वापरली जाते, त्यासाठी हा धागा. सुरुवात औषधांच्या कागदापासून करते.

प्रश्न विचारायची पद्धत आधी बदलायला हवी. "समजलं का?" ऐवजी पाकीट हातात देऊन म्हणायचं, "आज रात्री ह्यातलं काय काय घ्याल, काढून दाखवा बरं." किंवा "घरी सूनबाईंनी विचारलं तर ही गोळी कशी घ्यायची म्हणून सांगाल?" उत्तर चुकलं तर "माझ्याकडून नीट सांगायचं राहिलं, पुन्हा सांगते" असं म्हणून वेगळ्या शब्दांत सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. ह्याला टीच-बॅक म्हणतात. सगळं सांगून झाल्यावर शेवटी एकदाच विचारलं तर काही उपयोग होत नाही. दोन-तीन गोष्टी सांगायच्या, विचारायचं, मग पुढे जायचं.

कागदावर प्रत्येक औषधापुढे इतकं हवंच : घटकाचं नाव आणि पाकिटावरचं नाव, कशासाठी आहे ("बीपीसाठी", "रक्त पातळ राहण्यासाठी"), एका वेळी किती, कधी, आणि कधीपर्यंत. "कशासाठी" हा रकाना बहुतेक कार्डांवर नसतो आणि सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. गोळी बीपीची आहे हे माहीत असलेला माणूस ताप उतरला म्हणून ती बंद करत नाही.

पण सर्वांत महत्त्वाचा भाग खालचा : "आजपासून बंद केलेली औषधं." घरात जुन्या गोळ्यांचा डबा असतोच. दवाखान्यातून बीपीची टेल्मिसार्टन ४० एका कंपनीच्या नावाने लिहून येते, घरच्या डब्यात तीच दुसऱ्या कंपनीच्या नावाने पडलेली असते. नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून दोन्ही चालू राहतात. बीपी खाली येतं, उठताना चक्कर येते, रात्री संडासला जाताना माणूस पडतो. म्हणून भरती होतानाच "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा" सांगायचं, आणि सोडताना त्या पिशवीतून बंद झालेल्या गोळ्या त्यांच्यासमोर बाजूला काढायच्या.

एक औषध मात्र वेगळं काढूनच सांगते. मेथोट्रेक्सेट. संधिवातात किंवा सोरायसिसमध्ये ते आठवड्यातून एकदा असतं. कागदावर "मेथोट्रेक्सेट ७.५ मिग्रॅ" एवढंच असेल तर घरी ते रोज सुरू होतं, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्याच असतात. मग काही दिवसांत तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. "आठवड्यातून एकदा" एवढंही पुरत नाही. वाराचं नाव लिहायचं : "फक्त रविवारी." सोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक अॅसिडच्या गोळीचा वारही वेगळा, नावानिशी लिहायचा. आणि टीच-बॅकमध्ये प्रश्न असा : "सोमवारी ही गोळी किती घ्याल?" उत्तर "एकही नाही" असंच यायला हवं.

माणदेश

रानजाईताई, फार गरजेचा विषय काढलात. तालुक्याच्या ओपीडीत सगळ्या औषधांचं टीच-बॅक होणं शक्य नाही, हे धरून चालू. तिथे निवड करावी लागते. माझ्या मते हे रुग्ण सुटता कामा नयेत : नवीन सुरू केलेलं औषध, डोस बदललेलं औषध, इन्सुलिन, रक्त पातळ करणारं औषध, फिटची गोळी, आणि आठवड्यातून एकदाची कुठलीही गोळी. बाकीच्यांना कागद आणि एक प्रश्न.

दुसरं, आपल्याकडचा प्रत्येक रुग्ण विचारतो, "डॉक्टर, पथ्य काय?" आणि डॉक्टर घाईत "काही नाही, सगळं खा" म्हणून मोकळे होतात. समजावून सांगायची सर्वांत चांगली संधी तिथेच वाया जाते. रुग्णाने स्वतः विचारलेलं असतं, त्यामुळे त्या उत्तराकडे त्याचं पूर्ण लक्ष असतं. पथ्य म्हणूनच सांगायचं :

थायरॉइडची गोळी सकाळी अनशेपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, लिंबूपाणी चालेल. "गोळी गरम पडते" म्हणून लोह बंद करणाऱ्या बायका खूप आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यायला सांगावं. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी पोटात तरी जाईल.

आणि उपवास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. मधुमेहाच्या रुग्णाला "उपवास करता का?" हे विचारायलाच हवं, तो आपण होऊन सांगत नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन दुपारपर्यंत पोटात काही नसेल तर साखर धोकादायक खाली जाते. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाल्ली की तीच साखर उसळते. "उपवास करू नका" म्हटलं की लोक मान हलवतात आणि घरी जाऊन करतातच. त्याऐवजी "उपवासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही, कुठली अर्धी, हे सणाच्या आधी येऊन विचारून जा" असं सांगितलं तर बरेच जण येतात.

केतकी_स

इन्सुलिनबद्दल सविस्तर लिहिते, कारण ह्यात माहितीची चूक थेट जिवावर येते.

आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं (पेनमध्ये बसवायच्या औषधाच्या नळीतलं) १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या : यू-४० (टोपी लाल) आणि यू-१०० (टोपी नारिंगी). दोन्हींवर आकडे छापलेले असतात आणि रुग्णाला सांगितलेलं असतं, "वीसच्या रेघेपर्यंत भरा." इथेच घोळ होतो.

४० वालं इन्सुलिन यू-१०० सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर ते ०.२ मिली होतं, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. साखर खाली येत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कोणीतरी योग्य सिरिंज देतं आणि वाढवलेला डोस पूर्ण पोचतो. उलट बाजू त्याहून भयंकर : पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं १०० वालं इन्सुलिन यू-४० सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर ०.५ मिली म्हणजे ५० युनिट जातात. अडीच पट.

म्हणून शिकवताना : कुपी आणि सिरिंज दोन्ही रुग्णाच्या हातात. "कुपीवर ४० कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा. आता सिरिंजवर ४० दाखवा." दोन्ही जुळले तरच भरायचं. कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच घालायची नाही. दुकानात सिरिंज मागताना नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हणायचं नाही, रिकामी कुपी सोबत न्यायची.

दुधाळ दिसणारं इन्सुलिन न ढवळता घेतलं तर एक दिवस साखर खाली, एक दिवस वर. कुपी किंवा पेन तळहातांत दहा वेळा फिरवायचं, दहा वेळा उलटसुलट करायचं, एकसारखं पांढरं झालं की घ्यायचं. खळखळ हलवायचं नाही, फेस होतो. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का ते पाहायचं, टोचल्यावर बटण दाबून दहा मोजायचे, मग सुई काढायची. न मोजता काढली तर सुईच्या टोकावर थेंब दिसतो, तेवढा डोस गेलाच नाही.

जागा रोज बदलायची. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ येते, तिथे दुखत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात, आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. दर भेटीत पोटावरून हात फिरवून गाठ आहे का ते पाहायला हवं.

ठेवायचं कसं : न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. वापरात असलेलं बाहेर सावलीत साधारण चार आठवडे चालतं, म्हणून उघडल्याची तारीख पट्टी लावून लिहायची. फ्रिज नसेल तर पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात, कुपी प्लॅस्टिकच्या कोरड्या डबीत घालून. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ह्याला पर्याय नाही.

आणि साखर उतरल्याची खूण सांगितल्याशिवाय इन्सुलिन हातात द्यायचंच नाही. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ. साखर ७० च्या खाली किंवा तशी शंका आली तरी तीन सपाट लहान चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं वाटलं की काहीतरी खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८. ही गोष्ट रुग्णाला कमी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला जास्त शिकवायची. त्या वेळी रुग्णाचं डोकं चालत नसतं.

सह्यकडा

प्रश्न : वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तीन वेगवेगळे थेंब दिलेत, तिघांची वेळ सकाळी आठ. एकदमच घालायचे का? आणि चिठ्ठीवर ओडी लिहिलंय, म्हणजे दिवसातून एकदा ना? पण शेजारी सहा वेळाही लिहिलंय.

रानजाई

सह्यकडा, डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. इतर चिठ्ठ्यांत ओडी म्हणजे दिवसातून एकदा. ही दोन्ही संक्षेपं रुग्णाच्या कागदावर येताच कामा नयेत, "उजवा डोळा, दिवसातून सहा वेळा" असं लिहायला जागा फार लागत नाही. तुमच्या चिठ्ठीत उजवा डोळा, सहा वेळा असाच अर्थ दिसतो, पण शस्त्रक्रिया त्याच डोळ्याची आहे ना ते पाहून दवाखान्यात एकदा फोन करून घ्याच.

तीन थेंब एकदम नाहीत. दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. मलम किंवा जेल असेल तर ते सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी एकच थेंब, खालची पापणी किंचित ओढून तिथल्या खोबणीत. बाटलीचं तोंड पापणीला टेकवायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूला, बोट हलकेच टेकवून ठेवायचं, एक-दोन मिनिटं. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यावर दाब द्यायचा नाही. "बाटली हलवा" लिहिलं असेल तर हलवायचीच, औषध तळाला बसलेलं असतं. बाटलीवर वेगळी सूचना नसेल तर उघडल्यापासून चार आठवड्यांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. छापील मुदत न उघडलेल्या बाटलीची असते.

तिन्ही बाटल्या सारख्याच दिसत असतील तर टोपणांवर रंगीत चिकटपट्टी लावा आणि तेच रंग कागदावर काढा.

बालरोग_नोंदी

लहान मुलांचं लिहितो. पॅरासिटामॉल आपल्याकडे तीन ताकदींत सर्रास मिळतं : थेंब १०० मिग्रॅ प्रति १ मिली, पातळ औषध १२० मिग्रॅ प्रति ५ मिली आणि २५० मिग्रॅ प्रति ५ मिली. डोस वजनावर, किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. दहा किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ द्यायचे असतील तर थेंबांचे दीड मिली, १२० वाल्याचे सव्वासहा मिली, २५० वाल्याचे तीन मिली. औषध एकच आणि माप तीन. "पाच मिली द्या" एवढंच लक्षात ठेवून कोणी थेंबांच्या बाटलीतलं पाच मिली दिलं तर ५०० मिग्रॅ गेले.

त्यामुळे आईला "तापाचं औषध" सांगायचं नाही. बाटली दाखवून त्या बाटलीचं माप सांगायचं, आणि सोबत मिळालेल्या ड्रॉपरवर किंवा टोपणावर पेनने रेघ मारून द्यायची. घरातला चमचा नको. एक चमचा तीन मिलीचा निघतो, दुसरा सातचा. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज सर्वांत बरी. मध्ये किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आणि सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन बाटल्या एकाच वेळी चालू नकोत.

ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, पूर्ण. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड हा घराघरांतला प्रकार चुकीचा आहे. घट्ट झालं तर जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ वाढू शकतं, पातळ झालं तर भरपाई होत नाही. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून "एक पाकीट एक लिटर" असं पाठ करून न देता पाकिटावरचा आकडा वाचायला शिकवावं. एक लिटर कसं मोजायचं? पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीने. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं, वर उकळायचं नाही. "ओआरएस" नावाने दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांत साखर फार असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी मागताना "पूड असलेलं पाकीट, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं" असंच मागायचं.

सोबत झिंक १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि झिंकही थांबतं. "ही जुलाब थांबवायची गोळी नाही, पुन्हा लवकर होऊ नयेत म्हणून आहे" हे वाक्य सांगितलं तर चौदा दिवस पुरे होण्याची शक्यता खूप वाढते.

शब्दवेल

मी रुग्णांसाठीच्या मराठी पत्रकांचं संपादन करते. मजकूर मराठीत केला की काम झालं असं वाटतं, तसं नाही. "सदर औषधाचे सेवन आहारपूर्व करावे" हे मराठीच आहे, पण "ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या" हे समजतं. वाक्य आठ-दहा शब्दांचं, एका वाक्यात एकच काम, आणि कोणी करायचं ते स्पष्ट. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. जोडाक्षरं बारीक छापली की चष्मा असूनही वाचता येत नाहीत.

आकड्यांबद्दल फार काळजी घ्या. मराठी १ हा हाताने लिहिलेल्या इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. एकाच कागदावर दोन्ही लिप्यांतले आकडे असले की घरातला नातू वेगळं वाचतो आणि आजी वेगळं. एकच लिपी ठेवा आणि गोळ्यांची संख्या अक्षरांत लिहा : अर्धी, एक, दीड, दोन. "०.५" मधला टिंब छायाप्रतीत उडतो आणि मागे पाच उरतो. "१-०-१" न लिहिता "सकाळी एक, रात्री एक".

शस्त्रक्रियेआधीच्या "उपाशी राहा" ह्या सूचनेचंही तसंच. काही जण आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि बीपीची गोळीही सोडतात, काही जण सकाळी "फक्त चहा" घेऊन येतात आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. लिहायचं असं : "जेवण, दूध, दुधाचा चहा : शस्त्रक्रियेच्या सहा तास आधी बंद. साधं पाणी : दोन तास आधीपर्यंत चालेल. सकाळच्या ह्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या : ___. ह्या घ्यायच्या नाहीत : ___." वेळ घड्याळाची लिहा, "पहाटे दोननंतर काही खाऊ नका". रिकाम्या जागा भूलतज्ज्ञांनीच भरायच्या, आणि त्यांनी तासही वेगळे सांगितले तर तेच लिहायचे.

संमतीपत्राचंही सांगून टाकते. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संमती खरी असायला हवी. काय करणार, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय काय आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला कळेल इतपत सांगायला हवं. सहीआधी "तुमच्या शब्दांत सांगा, उद्या काय होणार आहे?" एवढं विचारलं तरी कळतं की फॉर्म वाचला गेलाय की नाही.

प्रयोगशाळा_१०

रिपोर्टवरच्या ठळक आकड्याने लोक हादरतात, विशेषतः तो पीडीएफ रात्री फोनवर आला की. संदर्भमर्यादा (आकड्याशेजारी छापलेली "नॉर्मल"ची मर्यादा) बहुधा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात अशी काढलेली असते. म्हणजे वीस तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचीही एखादी किंचित बाहेर जाऊ शकते. किती बाहेर आहे आणि मागच्या वेळी काय होतं, हे ठळकपणापेक्षा महत्त्वाचं. मागचा रिपोर्ट शक्यतो त्याच लॅबचा असावा.

प्लेटलेटच्या एककाचा घोटाळा डेंगीच्या दिवसांत रोज होतो. एक लॅब "२.१ लाख" लिहिते, दुसरी "२१०" आणि पुढे बारीक अक्षरांत एकक हजारांत. दोन्ही सारखेच. घरच्यांना वाटतं पेशी दोनशे दहावर आल्या. लॅबने एकक ठळक छापावं, आणि सांगणाऱ्याने आकडा शब्दांत सांगावा : "दोन लाख दहा हजार."

जेवणानंतरची साखर जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी. नेहमीचं जेवण, नेहमीची औषधं. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी अर्धीच पोळी खाल्ली किंवा गोळी टाळली तर आकडा फसवा येतो. उपाशीपोटीच्या तपासणीला पाणी चालतं. टीबीच्या थुंकीच्या डबीत लाळ येते, कारण "थुंकी आणा" सांगितलेलं असतं. सांगायचं असं : सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, छातीतून खोकून येईल तो घट्ट बेडका डबीत. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर.

आणि "निगेटिव्ह" म्हणजे वाईट असं समजणारे खूप आहेत, बायॉप्सीच्या रिपोर्टला तर विशेष. वाचून दाखवताना पहिलं वाक्य निकालाचं : "कॅन्सर दिसला नाही." मग बाकीचं.

माणदेश

एक मतभेद मांडतो. दुष्परिणाम किती सांगावेत? सगळी यादी वाचली तर रुग्ण घाबरून गोळीच घेत नाही.

केतकी_स

यादी वाचू नये, पण गप्पही राहू नये. एक नेहमीचा आणि निरुपद्रवी, एक धोक्याचा, एवढे दोन सांगायचे. टीबीचं उदाहरण घ्या. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय असं वाटून माणूस पहिल्याच आठवड्यात औषध सोडतो. ते निरुपद्रवी. पण डोळे पिवळे, सतत उलट्या, भूक पार गेली, तर त्याच दिवशी केंद्रावर यायचं. हा धोक्याचा. लोहाने शौच काळं होतं, निरुपद्रवी. काही बीपीच्या गोळ्यांनी, रामिप्रिल-एनालाप्रिलच्या गटातल्या, कोरडा खोकला येतो. न सांगितल्यास रुग्ण महिनोन्महिने खोकल्याची औषधं पीत राहतो.

औषधाची वाईट प्रतिक्रिया आली तर नोंदवायला भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

आरोग्यवाट

वाचता न येणाऱ्यांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग ह्यांनी दाईंसाठी केलेलं श्वास मोजायचं साधन आठवा : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. बाईला साठपर्यंत मोजता येतं का, हा प्रश्नच उरत नाही. माहितीची मांडणी अशी हवी की जे येतं तेवढ्यावर काम भागेल.

गोळ्यांसाठी : पाकिटावर सूर्य उगवताना, सूर्य डोक्यावर, चंद्र. शेजारी गोळ्यांची चित्रं तितकीच, अर्धी असेल तर अर्धी काढायची. चित्र दाखवून आधी विचारा, "हे काय वाटतं?" उगवता आणि मावळता सूर्य सारखाच दिसतो, म्हणून संध्याकाळसाठी सूर्य वापरू नका, चूल किंवा जेवणाचं ताट काढा. दुकानदाराने पाकीट कापताना नाव आणि मुदत छापलेला भाग रुग्णाकडे राहील असं कापावं. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत दिल्या की पुढे कोणालाच काही ओळखता येत नाही.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली-पावरी, भामरागडला माडिया. तिथे मराठी पत्रकही परकंच. आशाताईंकडून त्यांच्या बोलीत एक-दीड मिनिटाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घेतला तर तो घरी पुन्हा पुन्हा ऐकला जातो. लहान मुलाला मध्ये दुभाषी म्हणून उभं करू नये, विशेषतः बायकांच्या तक्रारींत. सून आणि सासू दोघी असतील तर दोघींनाही समोर बसवून सांगावं. स्वयंपाकघर आणि डबा ज्यांच्या हातात असतो त्यांनाच बऱ्याचदा कोणी काही सांगत नाही.

पैलतीर

परदेशी मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी : यादीवर घटकांची नावं हवीतच, भारतीय ब्रँड इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. अमेरिकेत पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन म्हणतात. तिथे तारखेत महिना आधी येतो, म्हणून मुदत लिहिताना महिना अक्षरांत. ब्रिटनमध्ये साखर वेगळ्या एककात येते, १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. ७ म्हणजे १२६. "साखर सातवर आली" म्हणून साखरपाणी पाजू नका.

सह्यकडा

धन्यवाद रानजाईताई, फोन केला, उजवाच डोळा, सहा वेळा. अजून एक : जुन्या दवाखान्यातली कागदपत्रं मागितली तर देतात का?

शब्दवेल

द्यावी लागतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत. लेखी अर्ज करा, पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड न मागता शस्त्रक्रियेची नोंद आणि तपासण्यांचे रिपोर्टही नाव घेऊन मागा.

सह्यकडा

वडिलांना दम्याचे दोन पंपही आहेत, एक दाबायचा आणि एक कॅप्सूल घालून ओढायचा. दोन्ही सारखेच ओढायचे ना?

केतकी_स

नाही, अगदी उलट. दाबायचा पंप : हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरा, श्वास हळू आत घ्यायला लागताच दाबा, पूर्ण भरून घ्या, दहा मोजेपर्यंत रोखा. दुसरा झोत अर्ध्या ते एका मिनिटाने. वडिलांचं वय पाहता स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावाच, दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमवावं लागत नाही. कॅप्सूलवाला : श्वास बाजूला सोडा, यंत्रात नाही, ओल लागते. मग जोरात आणि खोल ओढा. कॅप्सूलमध्ये पूड उरली तर पुन्हा ओढा. कॅप्सूल गिळायची नाही, हेही सांगून ठेवा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

पंप संपला का ते पाण्यात तरंगवून पाहू नका, औषध संपलं तरी आतला वायू उरतो आणि फुस्स आवाजही येत राहतो. मागे आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहा. नसेल तर डब्यावर छापलेले झोत भागिले रोजचे झोत. २०० झोत, रोज ४, म्हणजे ५० दिवस. ती तारीख आजच पंपावर लिहून टाका.